कोठींतला शिरस्ता आणि मेघाकडील निरोप

या सदरांत आजवर शब्दांच्या व्युत्पत्ति, मुलांचें पाठांतर, घरांतील जमाखर्चाची वही असे चार भिंतींच्या आंतले विषय येत गेले. यंदाचा विषय ऐकून कित्येक वाचक, विशेषतः माझ्या वयाचे, पान उलटतील अशी मला धास्ती आहे. डेटाबेसच्या पोटांत लिहून ठेविलेल्या एका शिरस्त्यानें परस्पर बाहेरच्या क्लाउड-सेवेचें दार ठोठावावें, स्वतःची ओळख पटवावी आणि काम करून घ्यावें, हा तो विषय. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एका पंक्तीला बसतात त्या घरांत हल्लीं हीच भाषा कानांवर पडते, व ती न समजतां आमटीचे भुरके मारीत बसणें मला तरी जड जातें. शिवाय या प्रकरणांत मीं स्वतः एक चूक केली आहे व ती पांच घरांना भोंवली आहे. ती सांगितल्यावांचून मला बरें वाटणार नाहीं.

मी एका विद्यार्थि-साहाय्यक निधीचा बिनपगारी हिशेबनीस आहें. निधि लहान आहे. त्याच्या व्याजांतून दर वर्षीं जूनमध्यें कांहीं गरजू मुलांना प्रत्येकीं बारा हजार रुपये दिले जातात. पूर्वीं हा सारा कारभार माझ्या हस्ताक्षरांतील दोन वह्यांत मावत असे. माझा पुतण्या संगणकाच्या धंद्यांत आहे. त्यानें तीन वर्षांपूर्वीं त्या वह्या कपाटांत ठेवून सर्व नोंदी डेटाबेसांत घातल्या. तो डेटाबेसही आमच्या घरांतील यंत्रावर नाहीं; मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अझूर नांवाच्या क्लाउडमध्यें आहे. क्लाउड म्हणजे मेघ खरा, पण हा मेघ आकाशांत नाहीं. या कंपनीनें २०१५ सालीं भारतांत जीं तीन केंद्रें उघडलीं तीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें आहेत. पक्क्या भिंतींच्या आंत, थंड हवेंत, यंत्रांच्या रांगा उभ्या असतात. पुतण्यानें पुण्याचें केंद्र निवडलें, म्हणजे ज्याला तो मेघ म्हणतो तो जमिनीवरच, महाराष्ट्रांतच आहे.

डेटाबेसाला मी मनांतल्या मनांत कोठी म्हणतों. १९७० सालीं एडगर कॉड यांनीं माहिती रकाने व ओळी यांच्या कोष्टकांत कशी मांडावी याचें शास्त्र सांगितलें, व आजच्या बऱ्याचशा कोठ्या त्याच शास्त्रावर उभ्या आहेत. या कोठींत नुसतें धान्य नसतें. धान्य काढण्याचे व भरण्याचे नियमही तेथेंच लिहून ठेवितां येतात. त्यांना स्टोअर्ड प्रोसीजर म्हणतात. आमच्या लहानपणीं सणाच्या दिवशीं आजी कोठीवर बसलेल्या आत्याला एवढेंच म्हणे, “नेहमींप्रमाणें शिधा काढ.” मग तांदूळ किती, डाळ किती, तूप कोणत्या भांड्यांतलें, हें कोणी विचारीत नसे. आत्या क्रमानें सारें काढून देई. आजी सांगो, आई सांगो कीं काकू सांगो, शिधा तोच निघे. स्टोअर्ड प्रोसीजर म्हणजे असा नांव दिलेला शिरस्ता. नांव घेऊन हांक मारावी, आंतल्या पायऱ्या आपोआप पार पडतात; आणि हांक कोणत्याही दारांतून आली तरी नियम बदलत नाहीं, हा त्याचा मोठा गुण.

कोठीवरच्या माणसानें मात्र घराबाहेर जावयाचें नसतें. बाजाराचें काम गड्याचें. संगणकांतही रीति हीच होती: कोठींतून माहिती काढावयाची, ती वेगळ्या प्रोग्रॅमच्या हातीं द्यावयाची, आणि बाहेरच्या सेवेशीं जें काय बोलावयाचें तें त्यानें बोलावयाचें. बाहेरच्या सेवेनें परक्या यंत्रांसाठीं जें ठराविक दार उघडें ठेविलेलें असतें त्याला एपीआय म्हणतात. पुतण्याचें म्हणणें असें कीं, एवढ्याशा निधीसाठीं वेगळा गडी कशाला पोसावा? मुलाच्या नांवावर मदतीची नोंद पडतांच त्याच शिरस्त्यानें स्वतः बाहेर हांक मारावी व पालकांच्या मोबाइलवर निरोप धाडावा. मला तेव्हां ही कल्पना फार आवडली, हें कबूल करितों.

कोठींतून बाहेर डोकावण्याच्या वाटा पूर्वींही होत्या. मायक्रोसॉफ्टच्या एस्‌क्यूएल सर्व्हरमध्यें ओएलई ऑटोमेशन नांवाची एक वाट होती. ती म्हणजे मागच्या भिंतीला पाडलेलें भोंक होय. २००५ च्या आवृत्तीपासून तें मुळांत बुजविलेलें असतें, व मालकानें जाणूनबुजून उघडल्याशिवाय उघडत नाहीं. ऑरॅकलच्या कोठींत यूटीएल एचटीटीपी नांवाची सोय फार वर्षांपासून आहे. अकराव्या आवृत्तीपासून तेथें कोणत्या माणसानें कोणत्या पत्त्यापर्यंत जावें याची यादी करून द्यावी लागते. अझूरच्या कोठीसाठीं मायक्रोसॉफ्टनें २०२२ च्या अखेरीस एक सरळ पुढचें दार प्रथम अजमावण्यासाठीं खुलें केलें. त्याचें नांव ‘एस्‌पी इन्व्होक एक्सटर्नल रेस्ट एन्डपॉइंट’. उच्चारतांना मला संकल्पांतील देशकालाची मालिका आठवते. २०२५ च्या एस्‌क्यूएल सर्व्हरबरोबर हेंच दार स्वतःच्या यंत्रावरील कोठ्यांनाही मिळालें, परंतु तेथेंही तें आरंभीं बंदच असतें.

या दाराला नियम कडक आहेत, आणि ते मला मनापासून पटले. निरोप उघड्या कागदावर जात नाहीं. एचटीटीपीएस म्हणजे मोहोरबंद मार्गानेंच जातो. हें दार वापरण्याचा अधिकार सर्वांना नसतो. तो नांव घेऊन द्यावा लागतो. अझूरच्या कोठीला तर वाटेल त्या पत्त्यावर जातांच येत नाहीं. त्या कंपनीच्याच ठराविक सेवांची यादी आहे, तेवढ्यांपर्यंतच मजल. म्हणून पुतण्यानें मध्यें अझूर फंक्शन नांवाचा स्वतःचा एक देवडीवाला बसविला. कोठीनें त्याला सांगावें, व त्यानें निरोप पोंचविणाऱ्या कंपनीकडे जावें, अशी व्यवस्था झाली. थोडक्यांत, गडी टाळावयाचा म्हणून जो खटाटोप केला त्यांत शेवटीं एक गडी आलाच. हें मीं त्याला बोलून दाखविलें तेव्हां तो हंसला, परंतु उत्तर दिलें नाहीं.

आतां ओळखीचें पाहूं. परक्या दारावर जाऊन ‘मी अमक्याकडून आलों’ एवढें म्हणून चालत नाहीं. अशोकवनांत सीतेपुढें उभ्या राहिलेल्या हनुमंतालाही रामाची मुद्रिका पुढें करावी लागली. एपीआयच्या दारावर ही मुद्रिका म्हणजे एक लांबलचक, अर्थहीन अक्षरांची किल्ली असते. प्रत्येक निरोपाच्या मथळ्याशीं ती जोडावयाची. दारावरचा ती ताडून पाहतो व मगच आंत घेतो.

ही किल्ली कोठें ठेवावयाची, यावर आमच्या घरांत पहिली खडाजंगी झाली. मला पडद्यावर वाचवत नाहीं, म्हणून पुतण्यानें आपला शिरस्ता कागदावर छापून मला दिला होता. मी भिंग घेऊन ओळीमागून ओळ वाचीत होतों. बाविसाव्या ओळीवर एक शब्द लागला, ज्याला ना धातु, ना प्रत्यय. मीं विचारलें, “हें काय रे? कोणत्या भाषेंतलें?” त्यानें जीभ चावली. तीच ती किल्ली! शिरस्त्याच्या मजकुरांत सरळ लिहून टाकलेली. म्हणजे शिरस्ता वाचण्याचा अधिकार ज्याला ज्याला आहे त्याला ती दिसणार. कोठीची जी नक्कल सुरक्षेसाठीं वेळोवेळीं काढून ठेवितात त्या प्रत्येक नकलेंत ती जाणार. आणि आतां ती माझ्या हातांतल्या कागदावरही होती. तसलाच एक कागद हिशेबतपासनिसांकडेही गेला होता.

त्या रात्रीं मीं त्याला मुद्राराक्षसाची गोष्ट सांगितली. विशाखदत्ताच्या त्या नाटकांत राक्षस हा नंदांचा अमात्य, बुद्धीनें चाणक्याच्या तोडीचा, आणि स्वामिनिष्ठ तर इतका कीं शत्रूनेंही वाखाणावा. त्याची बायकामुलें पाटलिपुत्रांत एका जवाहिऱ्याच्या घरीं लपलेलीं असतात. एकदां घरांतलें मूल दाराबाहेर धांवतें, त्याला आंत ओढतांना त्याच्या पत्नीच्या बोटांतली सैल मुद्रा उंबऱ्यावरून घरंगळते, आणि ती चाणक्याच्या हेराच्या हातीं लागते. पुढें चाणक्य एक पत्र लिहवून घेतो, त्यावर ती मुद्रा उठवितो, आणि त्या पत्रामुळें राक्षसाचा मित्रराजाच त्याच्यावर उलटतो. राक्षसानें कोठें कसूर केली? फितुरी नाहीं, आळस नाहीं. मुद्रा जेथें असावयास नको तेथें होती, एवढेंच. ज्याच्यापाशीं मुद्रा त्याचा शब्द खरा, असें एकदां ठरल्यावर हात कोणाचा आहे हें कोण पाहतो? एपीआयचा दारवानही पाहत नाहीं.

पुतण्यानें गोष्ट मुकाट्यानें ऐकली आणि त्याच रात्रीं जुनी किल्ली रद्द करून नवी घेतली. नवी किल्ली त्यानें कोठीच्या आंत निराळ्या कप्प्यांत ठेविली. या कप्प्याला डेटाबेस स्कोप्ड क्रेडेन्शियल असें नांव आहे. त्यांतील गुपित कोठीच्या मुख्य किल्लीनें सांकेतिक करून ठेविलेलें असतें, व तें पुन्हां वाचून दाखविण्याची सोय ठेविलेली नाहीं. शिरस्त्यांत फक्त कप्प्याचें नांव येतें. गंमत अशी कीं, कप्प्याचें नांव म्हणजे ज्या दारावर जावयाचें त्याचाच पत्ता असावा लागतो; म्हणजे ती मुद्रा त्या दारापुरती, फार तर त्याच्या आंतल्या खोल्यांपुरती चालते, भलत्या ठिकाणीं नेतां येत नाहीं. याहून चांगली एक रीति आहे ती त्यानें यंदा स्वीकारली. तिला मॅनेज्ड आयडेंटिटी म्हणतात. तींत किल्ली मुळीं कोणी जवळ बाळगीतच नाहीं. कोठीचीच एक ओळख क्लाउडच्या ओळखखात्यांत नोंदलेली असते (२०२३ पासून त्या खात्याला एन्ट्रा म्हणतात), आणि जेव्हां निरोप धाडावयाचा तेव्हां तें खातें थोड्या वेळापुरता एक परवाना काढून देतें. सैल मुद्राच नाहीं, मग घरंगळणार काय?

एवढें झाल्यावर आतां सारें निर्धोक झालें असें आम्ही समजलों. गेल्या वर्षींच्या जून महिन्यांतील ती संध्याकाळ यानंतरची.

चौऱ्याऐंशी मुलांची यादी कोठींत भरलेली होती. छाननी समितीचा शेवटचा कागद दुसऱ्या दिवशीं सकाळीं यावयाचा होता. परंतु मला वाटलें, दर वर्षीं त्या कागदानें कांहीं बदलत नाहीं, तेव्हां काम उरकून घ्यावें. मीं शिरस्ता चालविण्याची कळ दाबली. ही माझी घाई. ती यंत्राच्या माथीं मारावयाची नाहीं.

शिरस्ता यादींतून एकेक नांव घेई, मदतीची नोंद लिही, आणि लगेच बाहेर हांक मारून निरोप धाडी. त्या संध्याकाळीं निरोप्या कंपनीचें काम मंद चाललें होतें. या दारापाशीं उत्तराची वाट किती पाहावयाची हें आपण ठरवूं शकतों. न ठरविल्यास तीस सेकंद, व जास्तींत जास्त दोनशें तीस. तोंवर शिरस्ता जागचा हालत नाहीं, आणि त्यानें ज्या ओळी हातीं धरल्या असतील त्याही सोडीत नाहीं. आंतल्या खोलींत आमची सूनबाई देणग्यांच्या पावत्या चढवीत होती. निधीच्या शिलकेची जी ओळ माझ्या शिरस्त्यानें धरून ठेविली होती तीच तिच्या पावतीनें बदलावयाची होती. ती बाहेर येऊन म्हणाली, “बाबा, तुमचें काय चाललंय? माझी पावती अर्धा तास नुसती फिरतेय.” मीं तिला थांबावयास सांगितलें. एक मनुष्य दारांत निरोप सांगत उभा राहिल्यामुळें कोठीवर बाकीच्यांची रांग लागली होती. त्याच वेळीं मला शंका यावयास हवी होती.

त्रेपन्नाव्या नांवाशीं शिरस्ता अडला. त्या मुलाच्या बँक-खात्याचा रकाना कोरा होता, आणि कोरा रकाना कोठीला चालत नाहीं. येथें कोठीचा एक थोर नियम सांगितला पाहिजे. एका व्यवहारांतील साऱ्या नोंदी एकतर सगळ्या होतात, नाहींतर एकही होत नाहीं. अर्धें काम ती ठेवीत नाहीं. म्हणून त्रेपन्नावें नांव अडतांच आधींच्या बावन्न नोंदीही पुसल्या गेल्या आणि शिलकेची ओळ होती तशी झाली. पुतण्या फोनवर म्हणाला, “काका, काळजी नको, सारें पूर्ववत् झालंय.” कोठीपुरतें तें अक्षरशः खरें होतें. परंतु डब्यांतून काढलेले तांदूळ परत डब्यांत घालतां येतात, ओसरीवरून गेलेली हांक परत घेतां येत नाहीं. बावन्न निरोप गेले होते. त्यांतील एकाचीही खूण कोठींत उरली नव्हती, कारण कोठीच्या दृष्टीनें कांहीं घडलेंच नव्हतें.

सकाळीं समितीचा कागद आला. उत्पन्नाचे दाखले अपुरे म्हणून नऊ नांवें गळालीं होतीं. नेमकें त्याच वर्षीं! उरलेल्या पंचाहत्तर जणांसाठीं शिरस्ता पुन्हां चालविला, तो नीट पार पडला. सत्तेचाळीस घरांना तोच निरोप दुसऱ्यांदां गेला. एका गृहस्थांनीं दुप्पट मदतीबद्दल आमचे दोनदां आभार मानले. त्यांची समजूत घालण्यांत माझी एक सकाळ गेली. तें परवडलें. गळालेल्या नऊ जणांपैकीं पांच मात्र आदल्या संध्याकाळच्या बावन्नांत होते.

आठ दिवसांनीं त्यांपैकीं एका मुलाची आई मराठवाड्यांतील एका खेड्यांतून रात्रीच्या एस्‌टीनें आली. निरोप वाचून तिनें गळ्यांतली पोत गहाण टाकून वसतिगृहाची अनामत भरली होती. बारा हजार आले कीं सोडवूं, असा हिशेब. तिनें मोबाइल माझ्यापुढें धरला. निधीचें नांव, मुलाचें नांव, रक्कम, सारें बिनचूक. मीं कोठी उघडून पाहिली. मुलाच्या नांवापुढें कांहीं नव्हतें. कधीं कांहीं होतें असेंही नव्हतें. चाळीस वर्षें मीं मुलांना शिकविलें कीं लेखी पुरावा तोंडी पुराव्याहून बलवत्तर. आतां लेखी पुरावा तिच्या हातांत होता आणि माझी वही कोरी होती.

समितींत दोन मतें पडलीं. एकाचें म्हणणें, यंत्राची चूक, निधि बांधलेला नाहीं, दाखला अपुरा तो अपुराच. दुसऱ्यांनीं विचारलें, निरोपाखालीं नांव यंत्राचें होतें कीं निधीचें? त्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. निधीच्या पैशांतून नियमाबाहेर देतां येत नव्हतें, तेव्हां साठ हजार रुपये सभासदांनीं आपसांत उभे केले. पुतण्यानें एका मुलाचा भार एकट्यानें उचलला, एकाचा मीं. याहून अधिक त्याविषयीं लिहिणें बरें दिसणार नाहीं.

नंतर आम्ही दोघे पुन्हां कागद घेऊन बसलों. चूक कोठें होती हें शोधतां शोधतां मला माझ्या शाळेची कचेरी आठवली. तेथें जावक नोंदवही असे. पत्र तयार झालें कीं तें शिपायाच्या हातीं पडत नसे. आधीं हेडमास्तरांची सही, मग वहींत जावक क्रमांक, आणि दुपारीं एकदां शिपाई ती वही पाहून सारीं पत्रें घेऊन टपालांत जाई. सही नाहीं तर क्रमांक नाहीं, क्रमांक नाहीं तर टपाल नाहीं. हेडमास्तर सही करतां करतां शिपायाला हांका मारीत बसले असते तर शाळा बंद पडली असती. पुतण्याला हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, “काका, याला आमच्यांत आउटबॉक्स म्हणतात. मला ठाऊक होतें, पण एवढ्याशा कामाला कशाला, म्हणून सोडून दिलें.”

आतां शिरस्ता बाहेर हांक मारीत नाहीं. तो मदतीची नोंद लिहितो आणि त्याच व्यवहारांत जावक-कोष्टकांत निरोपाची एक ओळ लिहितो. व्यवहार मोडला तर दोन्ही नोंदी एकदम पुसल्या जातात. टिकला तर दोन्ही टिकतात. दर पांच मिनिटांनीं एक दुसरा शिरस्ता जागा होतो, जावक-कोष्टकांतील न गेलेल्या ओळी पाहतो, व कोणतीही ओळ अडवून न ठेवतां एकेक हांक मारितो. सूनबाईची पावती आतां फिरत राहत नाहीं. पोस्टग्रेस नांवाच्या दुसऱ्या एका कोठीला पीजी नेट म्हणून एक जोड मिळतो. त्यांत हा विवेक मुळांतच घातलेला आहे: व्यवहार पक्का झाल्याशिवाय निरोप उंबरा ओलांडीतच नाहीं. ज्यानें तो रचिला त्यानें कधींतरी जावक वही सांभाळली असावी, असें मला उगीच वाटतें.

उत्तर वाचण्याचीही आतां शिस्त लागली. पहिल्या शिरस्त्यांत पुतण्यानें उत्तराकडे पाहिलेंच नव्हतें. दारवान २०० च्या घरांतला आंकडा देतो तेव्हां काम झालें, व शिरस्त्याच्या हातीं शून्य येतें. नाहींतर तो आंकडाच हातीं येतो. ४०१ म्हणजे ओळख पटली नाहीं. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण अधिकार नाहीं. ४२९ म्हणजे फार वेळां कडी वाजवलीत, जरा दम धरा. ५०० म्हणजे आंतच गोंधळ आहे. यांपैकीं ४०१ ला पुन्हां पुन्हां जाण्यांत अर्थ नाहीं. ४२९ ला थांबून जाण्यांत आहे. हें सर्व आतां जावक-कोष्टकांत प्रत्येक ओळीपुढें लिहिलें जातें.

सर्वांत अवघड उत्तर म्हणजे मौन. मुदत संपली आणि दारांतून कांहींच आलें नाहीं, तर निरोप गेला कीं नाहीं? कदाचित् पोंचण्याआधींच हरवला असेल. कदाचित् काम होऊन उत्तर परततांना हरवलें असेल. कोठींतून पाहतां दोन्ही सारखींच दिसतात. कालिदासाच्या यक्षापुढें हाच प्रश्न होता. एवढा लांब निरोप सांगून झाला, मेघ हूं कीं चूं करीत नाहीं. तेव्हां यक्ष स्वतःची समजूत घालतो कीं, मागणाऱ्या चातकाला तूं न बोलतांच पाणी देतोस, म्हणून तुझें मौन मी नकार समजत नाहीं. काव्यांत हें फार सुंदर आहे. पैशांच्या व्यवहारांत मेघाच्या मौनाचा असा अर्थ लावणें घातक! तें होकार नव्हे, नकारही नव्हे, हें धरूनच पुढें गेलें पाहिजे. आणि पुढें जाणें म्हणजे बहुधा पुन्हां हांक मारणें.

पुन्हां हांक मारली तर काम दोनदां व्हावयाचें नाहीं काय? व्हावयाचें नाहीं, जर ऐकणारा प्रत्येक निरोपाचा क्रमांक लक्षांत ठेवीत असेल. आमच्या निरोपाबरोबर आतां जावक क्रमांक जातो; देवडीवरचें फंक्शन तो टिपून ठेवितें, आणि तोच क्रमांक पुन्हां आला तर ‘हें झालेलें आहे’ एवढेंच सांगतें. वैयाकरणांची एक परिभाषा आहे कीं एका लक्ष्याला एक सूत्र एकदांच लागतें. तिच्या जातीचाच हा नियम. यांतही फट आहे: फंक्शननें निरोप दिला आणि क्रमांक टिपण्यापूर्वीं तेंच कोसळलें, तर काय? तेव्हां दोनदां जाईल. पुतण्या म्हणतो, निरोप न जाण्यापेक्षां दोनदां गेलेला बरा. निरोपापुरतें मला तें मान्य आहे. उद्यां बँकेकडे रक्कम पाठविण्याचें कामही याच वाटेनें करूं म्हणेल, तर मी कपाटांतल्या वह्या बाहेर काढीन, असें मीं त्याला सांगून ठेविलें आहे.

पुतण्याच्या कचेरींतील वडीलधारे म्हणतात कीं, कोठींतून बाहेर हांक मारणें हीच मुळीं अनीति. तो उद्योग बाहेरच्या प्रोग्रॅमनेंच करावा. त्यांच्या म्हणण्यांत वजन आहे. अझूरची कोठीही अशा हांकांसाठीं आपल्या एकूण हातांपैकीं दहावा हिस्साच, व तोही फार तर दीडशेंपर्यंत, मोकळा ठेविते, तो कांहीं उगाच नव्हे. परंतु मला हें मत थोडें टोकाचें वाटतें. बाहेरून एखादी माहिती नुसती विचारून घ्यावयाची असेल, विचारल्यानें तेथें कांहीं बदलत नसेल, आणि हातीं कोणतीही ओळ धरलेली नसेल, तर कोठीनें खिडकींतून विचारून घेतलें म्हणून काय बिघडलें?

यंदाच्या जूनमध्यें छाननीचा कागद हातीं पडेपर्यंत मीं कळीला बोट लावलें नाहीं. त्या बाईंच्या मुलाचें नांव यादींत सतराव्या ओळीवर आहे. दाखला वेळेवर आला होता. जावक-कोष्टकांत त्यापुढें ‘पोंचला’ असें उमटलेलें सूनबाईनें मला दाखविलें. तरीही मीं दुपारीं त्यांना फोन केला.

त्या म्हणाल्या, “मास्तर, निरोप आलाय. पण पैसे बँकेंत दिसल्यावर मगच मी घरांत सांगणार.”